बिबट्याने कुत्र्याला की कुत्र्याने बिबट्याला?

शिराळा, वाळवा, कराड या भागात उसात बिबट्या दिसणं आता पारावरच्या गप्पांत रोजचं झालं आहे. त्यातलंच एक वाक्य घेऊ. "बिबट्याने कुत्र्याला धरलं." कुणी हेच "कुत्र्याला बिबट्याने धरलं" असं सांगेल. धापा टाकत आलेला एखादा "धरलं की बिबट्याने कुत्र्याला!" म्हणेल. तीन शब्द सहा प्रकारे मांडता येतात, आणि सहाही वेळा जीव कुत्र्याचाच जातो.

इंग्रजीत "द लेपर्ड कॉट द डॉग" मधल्या दोन प्राण्यांची अदलाबदल करून पाहा. "द डॉग कॉट द लेपर्ड." शब्द तेच, पण आता ही बातमी झाली, वार्ताहर फोटोला येतील.

वाक्य म्हणजे शेवटी कोणी, कुणाला, काय केलं याचा हिशेब. तो मांडायला भाषांकडे मुख्यतः तीन साधनं असतात. एक, शब्दाच्या शेवटी खूण लावायची: ने, ला, चा. दोन, शब्दाची वाक्यातली जागा ठरवून टाकायची. तीन, क्रियापदाचं रूप बदलून ते कुणाशी बांधलेलं आहे ते दाखवायचं. प्रत्येक भाषेत यांचं प्रमाण वेगळं असतं. मराठी जास्त करून पहिल्या साधनावर चालते आणि तिसरं हाताशी ठेवते. इंग्रजी जवळजवळ सगळा भार दुसऱ्यावर टाकते.

माझं म्हणणं असं की इंग्रजीत जागा हाच प्रत्यय आहे. "द लेपर्ड" क्रियापदाच्या आधी बसला म्हणून त्याला अदृश्य "ने" लागला, "द डॉग" नंतर बसला म्हणून त्याला अदृश्य "ला" लागला. शाळेत सुटे सुटे पाठ केलेले इंग्रजीचे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात.

हे वेगळं करून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत कारक आणि विभक्ती या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवल्या आहेत. कारक म्हणजे भूमिका: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. विभक्ती म्हणजे त्या भूमिकेची शब्दावरची खूण. आपण शाळेत "स, ला, ते – स, ला, ना, ते" घोकलं, ती नुसती खुणांची यादी होती. भूमिका सगळ्या भाषांत बऱ्याचशा सारख्या असतात, खुणा वेगळ्या. इंग्रजी शिकताना आपली अडचण बहुतेक वेळा एवढीच असते की आपण शब्दाचं भाषांतर करतो आणि खुणेचं करायचं राहून जातं.

इंग्रजीचे प्रत्यय गेले कुठे?

इंग्रजी जन्मापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्ती होती, तीन लिंगं होती, आणि आज ज्या जागी एकच "द" आहे तिथे कर्त्यासाठी "से" आणि कर्मासाठी "थोने" अशी वेगवेगळी रूपं होती. पुल्लिंगाची ही दोन, बाकीची आणखी वेगळी. त्यामुळे तेव्हा शब्द इकडेतिकडे हलवले तरी चालत. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर बोलण्यात पुसट होत गेले. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांशी रोजचा व्यवहार होता, शब्द सारखे पण शेपट्या वेगळ्या, तेव्हा शेपट्या गाळून बोलणं सोयीचं पडलं असावं. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारी, लिखित व्यवहारात फ्रेंच आणि लॅटिन वरचढ राहिली. इंग्रजीला लगाम घालणारी लेखी परंपरा सैल झाली आणि प्रत्यय झडण्याचा वेग वाढला. प्रत्यय गेले तसा कोणी-कुणाला हा भार जागेवर आला.

जुन्याचे अवशेष सर्वनामांत उरले आहेत. "ही" आणि "हिम", "आय" आणि "मी", "दे" आणि "देम". इथे आजही शब्द स्वतः सांगतो की मी कर्ता की कर्म. गंमत म्हणजे एवढी खूण उरलेली असूनही "हिम कॉट द लेपर्ड" असं उलटं बोलता येत नाही. जागेचा नियम इतका पक्का झाला आहे की खूण असली तरी तिला कुणी विचारत नाही.

रिकामी चालत नाही अशी खुर्ची

क्रियापदाच्या आधीची जागा हीच कर्त्याची खूण असेल, तर ती जागा मोकळी कशी ठेवणार? "काय झालं?" "गेला." मराठीत एवढं पुरतं. गेलेला पुरुष आहे, एकटा आहे, हे "गेला" मधल्या "ला"वरून कळतं. "वेंट" वरून काहीच कळत नाही, तो, ती, ते, मी, तुम्ही, सगळ्यांना "वेंट"च. म्हणून "ही वेंट" म्हणावंच लागतं.

आणि कर्ताच नसेल तर? "पाच वाजले." "अंधार पडला." "उकडतंय." इथे इंग्रजी सरळ एक डमी आणून बसवते: "इट". "इट इज फाइव्ह", "इट गॉट डार्क", "इट इज रेनिंग". हे "इट" कशाला उद्देशून आहे असं मुलं विचारतात, आणि प्रामाणिक उत्तर आहे: कशालाच नाही. ती खुर्ची भरलेली दिसायला हवी, बस. इटालियनमध्ये नुसतं "प्योवे" म्हटलं की पाऊस पडतोय हे पूर्ण वाक्य झालं, कारण तिथे क्रियापदाच्या शेपटीत पुरेशी माहिती असते. इंग्रजीने शेपट्या घालवल्या, त्याची ही किंमत.

प्रश्नाचंही तसंच. मराठीत वाक्य जागच्या जागी ठेवून शेवटी "का" लावला की झालं. "तो येणार आहे." "तो येणार आहे का?" इंग्रजीत असा "का" नाही. तिथे जागांची अदलाबदल हाच "का": "ही इज कमिंग" चं "इज ही कमिंग". पण ओलांडून पुढे जायची मुभा फक्त साहाय्यक क्रियापदांना आहे: इज, हॅव, कॅन, विल वगैरे. साहाय्यक नसेल तर "डू" भाड्याने आणायचं. "यू नो" चं "डू यू नो". चारशे वर्षांपूर्वी "नो यू?" असंही चालत असे, नंतर ते मागे पडलं.

हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या दोन अगदी नेहमीच्या चुका इथून निघतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली: "व्हेअर यू आर गोइंग?" इथे "का" लावायचा राहिला. दुसरी: "आय डोन्ट नो व्हेअर इज ही गोइंग." इथे नको तिथे "का" लागला. दुसऱ्या वाक्यात आपण विचारत नाही, सांगतोय: तो कुठे चाललाय मला माहीत नाही. म्हणून आतल्या तुकड्यात जागा पुन्हा सरळ व्हायला हव्यात: "व्हेअर ही इज गोइंग". "कुठे" हा शब्द आहे म्हणजे प्रश्नच आहे असं मराठी मनाला वाटत नाही, पण इंग्रजी लिहिताना तो "व्हेअर" दिसला की आपण उगाच उलटापालट करतो.

शब्दांचा क्रम मराठीत फुकट जात नाही

कर्ता-कर्म सांगायला प्रत्यय आहेत, मग मराठीत क्रम कशाला लागतो? भरपूर कामाला लागतो. "मी चहा करते" आणि "चहा मी करते" ही दोन वाक्यं एकच नाहीत. दुसऱ्यात तुम्ही बसा, उठू नका, असं आहे. क्रियापदाच्या लगेच आधी जे बसतं त्यावर मराठीत सहसा जोर येतो. इंग्रजीत दोन्ही वेळा "आय विल मेक द टी", फरक फक्त आवाजात.

आता हे पाहा. "टेबलावर पुस्तक आहे." "पुस्तक टेबलावर आहे." पहिल्यात कुठलं तरी एक पुस्तक, ऐकणाऱ्याला नवं. दुसऱ्यात ते पुस्तक, ज्याबद्दल आधीच बोलणं चाललंय. इंग्रजीत पहिलं होतं "देअर इज अ बुक ऑन द टेबल", दुसरं "द बुक इज ऑन द टेबल". म्हणजे इंग्रजी जे काम "अ" आणि "द" कडून करून घेते ते मराठी शब्दांच्या क्रमाकडून करून घेते. मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून आपल्याला ती कळत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यांच्यामागचा फरक आपण दिवसभर करत असतो.

त्याहून मजेशीर जोडी: "ते मुलगा शोधतायत" आणि "ते मुलाला शोधतायत". पहिलं ऐकलं की विचाराल, मुलगी काय शिकली आहे? दुसरं ऐकलं की गणपतीच्या मिरवणुकीत चुकलेलं पोर डोळ्यांसमोर येतं आणि आपणही शोधायला लागतो. इंग्रजीत "अ बॉय" आणि "द बॉय". एका "ला"ने वाक्य लग्नातून पोलीस चौकीत नेलं. माणसं आणि प्राणी यांच्याबाबतीत मराठीतला "ला" कर्म तर दाखवतोच, पण ते ठरावीक, ओळखीचं आहे हेही सांगतो.

रशियनमध्येही आर्टिकल नाहीत, विभक्तीचे प्रत्यय भरपूर आहेत, आणि नवं-जुनं दाखवायला शब्दक्रम वापरतात. पण यावरून जगाचा नियम काढू नये. जर्मनमध्ये विभक्तीही आहे आणि आर्टिकलही.

मला भूक लागली

"मला भूक लागली." "मला ताप आहे." "मला ती आवडते." "मला पोहता येतं." "मला दोन भाऊ आहेत." या सगळ्यांत माणूस "ला" लावून बसला आहे. तो काही करत नाही, त्याच्या बाबतीत काहीतरी घडतंय. भूक लागते, राग येतो, झोप लागते, आठवण होते. क्रियापदही त्याच्याशी जुळत नाही. "मला आंबा आवडतो", "मला चिंच आवडते", बदल आंब्या-चिंचेनुसार होतो.

इंग्रजीत हा सगळा मामला त्या एकाच खुर्चीत कोंबावा लागतो. "आय एम हंग्री", "आय हॅव फीव्हर", "आय लाइक हर", "आय कॅन स्विम", "आय हॅव टू ब्रदर्स". माणूस काही करो वा न करो, पहिल्या जागी तोच. म्हणून "माझं डोकं दुखतंय" चं "माय हेड इज पेनिंग" केलं की ते इंग्रजी वाटत नाही. इंग्रज माणूस सहसा "आय हॅव अ हेडेक" म्हणून स्वतः पुढे येतो.

पण इंग्रजीचंही हे नंतरचं वळण. "मेथिंक्स" हा जुना शब्द शेक्सपिअरच्या काळापर्यंत सर्रास होता. त्याची बांधणी शब्दशः "मला वाटतं" अशीच आहे, "मी" हा त्यात कर्ता नाही. "लाइक" हे क्रियापदही आधी "आवडणं" याच बाजूने चालायचं, म्हणजे वस्तू माणसाला "लाइक" करायची. स्पॅनिशमध्ये आजही ते तसंच आहे. "मे गुस्ता एल कफे" म्हणजे मला कॉफी आवडते, आणि वस्तू अनेकवचनी झाली की "गुस्ता" चं "गुस्तान" होतं. थंडी वाजली की जर्मन माणूस "मिर इस्ट काल्ट" म्हणतो, त्यातला "मिर" म्हणजे "मला". ज्यांना इंग्रजीची ही बाजू जड गेली त्यांनी स्पॅनिश उघडून पाहावी, घरी आल्यासारखं वाटेल.

आणि इतकं लांब कशाला? कानडीत "ननगे कन्नड बरुत्ते". ननगे म्हणजे मला, बरुत्ते म्हणजे येते. मला कानडी येते. मिरज-जतकडच्या माणसाला हे वाक्य शिकायला व्याकरण लागत नाही, फक्त शब्द बदलावे लागतात. तसंच "निन्ने बंद हुडुग": काल आलेला मुलगा. निन्ने काल, बंद आलेला, हुडुग मुलगा. मराठी इंडो-आर्यन कुळातली, कानडी द्राविडी कुळातली, रक्ताचं नातं नाही. शेजाराचं मात्र शतकानुशतकांचं.

कुपवाडचा धडा

कुपवाड म्हटलं की आज आपल्याला एमआयडीसी आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या नावातला तिसरा शब्द आठवतो. भाषाशास्त्र शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मात्र हे गाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी इथल्या बोलण्याचा अभ्यास केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून भाषासंपर्काच्या अभ्यासात कुपवाडचं उदाहरण हटकून येतं. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नसतं याचं मला जरा वाईट वाटतं.

त्यांनी जे टिपलं ते असं. गावात मराठी, कानडी, उर्दू आणि थोडी तेलुगू बोलली जात होती. कानडी जैन आणि लिंगायतांच्या घरात, उर्दू मुसलमानांच्या घरात. शेतात, बाजारात, चावडीवर माणसं रोज दोन-तीन भाषा वापरत, आणि वेगवेगळ्या समाजांची गाठ पडली की मराठी ही कुणाचीच बाजू न घेणारी भाषा म्हणून पुढे यायची. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि व्याकरणं एकमेकांत मिसळली. अभ्यासकांनी दिलेलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. मराठीत: "पाला जरा कापून घेऊन आलो." उर्दूत: "पाला जरा काट के ले के आया." कानडीतही त्याच क्रमाने, त्याच जोडणीने, तुकड्याला तुकडा. एका भाषेतला शब्द उचलून त्या जागी दुसरीतला ठेवला की वाक्य तयार. इतकंच काय, तिथल्या उर्दूत निर्जीव वस्तूंचं स्त्रीलिंग कानडीच्या धर्तीवर गळून पडायला लागलं होतं.

आपली समजूत उलटी असते. शब्द सहज इकडून तिकडे जातात, व्याकरण मात्र भाषेचा गाभा, ते हलत नाही, असं आपण धरून चालतो. कुपवाडमध्ये शब्द आपापल्या जागी राहिले आणि सांगाडा एक झाला. कारणही तर्काला धरून आहे. घरात कोणती भाषा बोलतो यावरून माणूस कोणत्या समाजाचा ते ओळखलं जायचं, म्हणून शब्द सोडले नाहीत. वाक्य कसं जोडलंय याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, तिथे सोय बघितली गेली.

इंग्रजी शिकणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते. मराठी माणूस हिंदी किंवा कानडी पटकन उचलतो ते तो भाषेत हुशार म्हणून नव्हे, सांगाडा तयार मिळतो म्हणून. जपानीचंही तसंच: "वाताशि वा मिझु ओ नोमिमास", मी पाणी पितो, क्रियापद शेवटी आणि खुणा शब्दामागे. इंग्रजीत अडखळतो तेव्हा सांगाडाच वेगळा असतो.

आरशातली भाषा

तो वेगळा म्हणजे किती? हे वाचा: "मिरजेच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या भावाच्या मित्राची गाडी." आता इंग्रजी: "द कार ऑफ अ फ्रेंड ऑफ माय ब्रदर हू वर्क्स इन अ हॉस्पिटल इन मिरज." मराठीत मिरज, दवाखाना, काम, भाऊ, मित्र, गाडी. इंग्रजीत गाडी, मित्र, भाऊ, काम, दवाखाना, मिरज. बरोबर उलटं. दवाखान्यात काम भाऊ करतो की मित्र, हा घोळ मात्र दोन्हीकडे सारखाच शिल्लक राहतो.

भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये तीस भाषा तपासून दाखवलं की या गोष्टी सुट्या नसतात, झुपक्याने येतात. ज्या भाषेत क्रियापद शेवटी, तिथे "मध्ये", "वर", "साठी" असे शब्द बहुधा नामाच्या मागे येतात: टेबलावर, घरासाठी. ज्या भाषेत क्रियापद कर्माच्या आधी, तिथे ते नामाच्या पुढे: "ऑन द टेबल", "फॉर द हाउस". मराठीत मुख्य शब्द शेवटी ठेवायची सवय, इंग्रजीत आधी. फारसीसारखे अपवाद आहेत, तिथे क्रियापद शेवटी पण संबंध दाखवणारे शब्द नामाआधी. तरी कल स्पष्ट आहे. जगातल्या भाषांची मोठी पाहणी घेतली तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषाच सर्वांत जास्त निघतात, इंग्रजीच्या धर्तीच्या दुसऱ्या क्रमांकावर. क्रियापद सुरुवातीला ठेवणाऱ्याही आहेत, आयरिश आणि वेल्श त्यातल्या. आपली पद्धत उलटी, असं मानायचं काही कारण नाही.

आंबा खाल्ला, चिंच खाल्ली

आता शाळेतल्या एका घोळाबद्दल, ज्याचा मला खरोखर राग येतो. "राजूने आंबा खाल्ला." "राजूने चिंच खाल्ली." "राजूने कलिंगड खाल्लं." खाणारा एकच, क्रियापद बदलतं ते खाल्लेल्या वस्तूनुसार. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाचं मराठीत हे असंच असतं, हिंदीतही आहे. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, आणि ते नाव बरोबर आहे, कारण क्रियापद कर्माशी जुळतं.

पण पुढच्या तासाला इंग्रजीत पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना त्याचंही मराठी नाव कर्मणी प्रयोग सांगतात. पोरगं हुशार असेल तर दोन्ही जोडतं आणि "राजूने आंबा खाल्ला" चं "द मँगो वॉज ईटन बाय राजू" करून आणतं. त्याचा तर्क चोख आहे. गोंधळ नावाचा आहे. "राजूने आंबा खाल्ला" हे मराठीत अगदी साधं, सरळ वाक्य आहे, लक्ष राजूवरच आहे, म्हणून इंग्रजीत "राजू एट अ मँगो". पॅसिव्हमध्ये कर्त्याला खुर्चीवरून उठवून कर्माला बसवतात, कर्ता कोण ते सांगायचं नसलं तरी चालतं. त्याच्या जवळचं मराठी "आंबा खाल्ला गेला". एक मामला जुळणीचा आहे, दुसरा खुर्चीचा. आपलं शालेय व्याकरण संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन साच्यांतून आलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. त्यानंतर या नावांची सफाई पाठ्यपुस्तकांत पुरेशी झाली असं मला वाटत नाही.

याच ठिकाणी आपल्या बोलीची एक बाजू पुढे येते. प्रमाण मराठीत "मी" ला "ने" लागत नाही: "मी आंबा खाल्ला". सातारा-सांगलीच्या खेड्यांतली जुनी माणसं मात्र "म्या आंबा खाल्ला" म्हणतात. हे "म्या" म्हणजे "मी" चं "ने"वालं रूप, ज्ञानेश्वरीतही "म्यां" असं सापडतं. म्हणजे "त्याने खाल्ला" ला जो नियम, तोच बोलीने "मी" ला लावून ठेवला आहे. प्रमाण भाषेने इथे सूट घेतली, आणि अडाणी ठरलं "म्या".

काळाचंही असंच. आईने जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून उत्तर येतं, "आलो!" रूप भूतकाळाचं, माणूस अजून मोबाइलमध्ये. मराठीत हे रूप मुळात काम पुरं झालं आहे किंवा झाल्यातच जमा आहे एवढं सांगतं, घड्याळाचं बोलत नाही. इंग्रजीत तिथे "कमिंग!" लागतं. मँडरिन चिनीत तर क्रियापद काळानुसार बदलतच नाही, काल-उद्या असे शब्द आणि काम झाल्याचं सांगणारं एखादं अव्यय यावर भागतं.

लांबलचक इंग्रजी वाक्य समोर आलं की मग काय करायचं? पहिल्या शब्दापासून भाषांतर सुरू करू नये. आधी मुख्य क्रियापद शोधावं, मग त्याच्या आधीची खुर्ची कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते पाहावं. समजा असं आहे: "द फार्मर्स हूज लँड वॉज अक्वायर्ड फॉर द कॅनाल हॅव रिसीव्हड नोटिसेस." मुख्य क्रियापद "हॅव रिसीव्हड". "वॉज अक्वायर्ड" नव्हे, ते "हूज" च्या पोटातलं आहे. "हॅव" च्या आधीचं सगळं मिळून एकच खुर्ची, आणि तिच्यात "फार्मर्स" मुख्य, बाकीचा पसारा त्याच्या मागे लटकलेला. मराठीत आणताना हा पसारा पुढे घ्यायचा: कालव्यासाठी ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांनी... आणि इथे थांबायचं, कारण "नोटिसा मिळवल्या" असं कुणी म्हणणार नाही. इंग्रजीतला शेतकरी खुर्चीत बसायचं म्हणून नोटीस "रिसीव्ह" करतो, मराठीत त्याने काहीच केलेलं नसतं. कालव्यासाठी ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांना नोटिसा आल्या आहेत.